फळ्यांखालचं देऊळ

"दरड कोसळण्याचा धोका. प्रवेश बंद," मिर्सिनीने पाटी मोठ्याने वाचली. "आर्गिरो, इथे दरड कुठे आहे?"

आर्गिरोने मान वर करून पाहिलं. टेकाडाच्या माथ्यावर, वरती आभाळ आणि खाली समुद्र. कोसळायला वर काहीच नव्हतं.

"आभाळ कोसळणार असेल," ती म्हणाली. "चल, कुंपणाची तार वर धर."

मिर्सिनी दर उन्हाळ्यात पिरेयस शहरातून बेटावर देस्पोमावशीकडे यायची आणि दुसऱ्याच दिवशी ती आणि गावातली तिची मैत्रीण आर्गिरो कालामीच्या टेकाडावर धावायच्या. वर जुनं देऊळ होतं. देऊळ म्हणजे उरलेला पाया आणि भोवती आडवे पडलेले संगमरवरी खांबांचे उभ्या खाचांचे गोल तुकडे, जात्यासारखे, पण कमरेएवढे उंच. त्यांच्यावर बसून अंजिरं खायची, मग उतरून किनाऱ्यावर पोहायचं. एवढ्यासाठी मिर्सिनी वर्षभर शाळा सहन करायची.

तारेखालून सरपटत दोघी आत गेल्या आणि थबकल्या.

"आपला दगड कुठंय?" मिर्सिनीने विचारलं.

त्यांचा बसायचा तुकडा जागेवर नव्हता. शेजारचेही नव्हते. रानटी ओव्याच्या झुडपांत फक्त चार गोल, उघडे डाग होते, तिथे गवत उगवलेलं नव्हतं. आर्गिरो एका डागाजवळ उकिडवी बसली.

"माती अजून ओलसर आहे. नुकतेच उचललेत. आणि हे बघ."

चाकांच्या रुंद खुणा झुडपं चिरडत थेट किनाऱ्याकडे उतरत होत्या. दोघी त्या खुणांमागे निघाल्या.

किनारा ओळखूच येत नव्हता. गेल्या वर्षी झावाच्या झाडांखाली गावातले लोक चादरी टाकून कलिंगड कापायचे. आता पाण्याच्या कडेपर्यंत भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्यांच्या रांगा होत्या. मागे फळ्यांचा नवा कोरा चौथरा, त्यावर टेबलं, आणि चौथऱ्याच्या बाजूला सिमेंट कालवायचं यंत्र. हे सगळं सारांदोसचं. बंदराजवळचं हॉटेलही त्याचंच.

मिर्सिनीने खुर्च्यांच्या पुढे, ओल्या वाळूवर, आपला टॉवेल अंथरला. सारांदोस लगेच आला.

"पोरींनो, इथे बसायचं तर खुर्ची घ्यावी लागते."

"समुद्राची परवानगी घेतलीय आम्ही, सारांदोसकाका," आर्गिरो म्हणाली.

"जास्त शहाणपणा नको. पाहुण्यांना समोरचं दिसत नाही."

"मग त्यांना सांगा, आमच्यावरून बघा," मिर्सिनी म्हणाली. "किनारा सगळ्यांचा असतो. शाळेत शिकवलंय आम्हाला."

सारांदोस हसला. "शाळेला सुट्टी आहे ना? मग निघा."

मिर्सिनीचे कान तापले. याच वाळूवर तिचे दुधाचे दात पडले होते. ती हलली नाही. सारांदोस तिच्याशी हुज्जत घालत असताना आर्गिरो हळूच मागे सरकली. चाकांच्या खुणा चौथऱ्यापाशीच संपत होत्या. तिने वाकून फळ्यांखाली पाहिलं आणि दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने फळ्यांखालून आवाज आला. "मिर्सिनी, इकडे ये. लवकर."

मिर्सिनी सारांदोसच्या हाताखालून निसटली आणि पोटावर सरपटत आत शिरली. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत चार गोल संगमरवरी तुकडे, प्रत्येकाच्या अंगावर त्याच उभ्या खाचा. एकाची कड तोडून काढली होती, तुळई नीट बसावी म्हणून. ताजी जखम साखरेसारखी चमकत होती.

मिर्सिनीने तिच्यावर बोट फिरवलं. इतकी वर्षं उन्हात पडून होता, आणि टेबलं डुगडुगू नयेत म्हणून फोडला.

"सिमेंट कशासाठी आहे, कळलं का?" आर्गिरो कुजबुजली. "आज हे सगळं भरून टाकणार. मग शोधत बसा."

बाहेर यंत्र घरघरायला लागलं.

मिर्सिनीने भराभर फोटो काढले आणि मावशीला पाठवले. देस्पोमावशीचं गावात औषधांचं दुकान होतं आणि तिच्याकडे सगळ्यांचे नंबर असायचे. उत्तर लगेच आलं: 'पुरातत्त्व खात्याला कळवते. तुम्ही आधी बाहेर या.'

"शेवटचं वाक्य वाचलंच नाही म्हणून सांग," आर्गिरो म्हणाली आणि एका तुकड्याला पाठ टेकून बसली. मिर्सिनी दुसऱ्याला टेकली.

"ए, बाहेर निघा," सारांदोसचा चेहरा फटीत दिसला. "काम सुरू करायचंय."

"करा की. आम्ही आहोत इथे."

"आइस्क्रीम देतो. दोघींना, मोठं."

"देवळाचे खांब परत द्या," मिर्सिनी म्हणाली.

त्याचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला. "कसले खांब? जुने दगड आहेत. आर्गिरो, तुझ्या आईला फोन करू का?"

"करा. येताना भाकरी आणि चीज आणायला सांगा, आम्हाला बराच वेळ बसायचंय."

मिर्सिनीला सुचलं: हा माणूस कुजबुजतोय, कारण त्याला पाहुण्यांची भीती आहे. तिने तोंडाशी हात धरून जमेल तेवढ्या मोठ्याने सांगायला सुरुवात केली, की या चौथऱ्याखाली देवळाचे खांब आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी वाकून बघावं. एक खुर्ची करकरली. मग दुसरी. फटींतून अनोळखी डोळे दिसायला लागले. कोणीतरी फोटो काढले. एक म्हातारे गृहस्थ रागाने यंत्राजवळ गेले आणि त्यांनी ते बंदच करून टाकलं.

तोवर गावातली माणसं आली. आर्गिरोची आई खरंच भाकरी घेऊन आली, फटीतून आत सरकवली आणि चौथऱ्यासमोर टॉवेल टाकून बसली. तिच्या शेजारी मावशी, मग बेकरीवाला, मग शाळेच्या बाई. देवळाचा पहारेकरी व्रासिदासही आला.

"मला तर सारांदोसने सांगितलं होतं, दरड आहे, वर जाऊ नका," तो पुटपुटला.

"आणि तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत?" आर्गिरोने आतून विचारलं. व्रासिदासने टोपी काढली आणि खाली पाहिलं.

दुपारच्या बोटीने पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या, सोबत बंदरावरचे दोन पोलीस. बाई बॅग वाळूत टाकून सरळ पोटावर आडव्या झाल्या आणि आत आल्या. त्यांनी तुटलेली कड पाहिली.

"सिमेंट पडलं असतं तर हे गेलेच असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरलो ना," मिर्सिनी म्हणाली. "पण घाबरत घाबरत बसलोच."

बाई खळखळून हसल्या. बाहेर येऊन त्यांनी पोलिसांना सांगितलं, की चौथरा आजच उतरवायचा. सारांदोस म्हणत राहिला, कामगारांची चूक झाली, त्याला कल्पना नव्हती. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातल्या एकाने पोलिसांना सगळं सांगून टाकलं.

देस्पोमावशीने दोघींना आधी भरपूर झापलं. मग दोघींना जवळ ओढून म्हणाली, "पुन्हा असं केलंत तर मला आधी बोलवा. मीही आत बसेन."

फळ्या निघायला लागल्या तसे भाड्याच्या खुर्च्यांवरचे लोक उठले. गावातल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि चादरी टाकल्या. आर्गिरोचे वडील जाळी टाकून परतले होते. फारसं न बोलणारा माणूस. त्यांनी उघडे पडलेले चार तुकडे पाहिले, लेकीच्या धुळीने माखलेल्या केसांकडे पाहिलं आणि आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

"कोणावर गेलीस गं तू," ते हसून म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.