कर्णतीर्थ

शेगावहून उत्तरेला निघाले, की काही कोसांतच विहिरींचे पाणी खारट लागू लागते. पूर्णा नदीच्या काठचा हा खारपाण पट्टा. इथल्या लेकी बाहेरगावी गेल्या, की कित्येक दिवस त्यांना गोड्या पाण्याचा चहा अळणी वाटतो. पुष्पांजलीलाही रत्नागिरीला नोकरीस लागल्यावर तसेच वाटले होते. देवमासे आणि डॉल्फिन यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती काम करी. चैत्रातल्या एका दुपारी ती रहेमतुल्लाच्या जीपमधून गावात उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले देवमाशाच्या कानाचे हाड होते. नागपूरच्या प्रयोगशाळेत ते तपासणीसाठी पोहोचवायचे होते. वाटेत चार दिवस आईवडिलांजवळ राहावे, एवढाच तिचा बेत होता.

तिची आई रुखमाबाई काचबिंदूने पार आंधळी झाली, त्याला आता वीसेक वर्षे झाली असतील. पण काठी तिने कधी हाती धरली नाही. टाळूला जीभ लावून टिचकी वाजवायची आणि परत येणाऱ्या नादावरून समोर भिंत आहे, गोठा आहे की मोकळे अंगण आहे ते ओळखायचे, ही तिची रीत. तेवढ्या बळावर ती विहिरीवरून पाणी आणी, शेतात जाऊन कापूस वेची. कोणी हात धरू लागले, तर तो झटकून टाकी.

त्या दुपारी मात्र ती चौकट घट्ट धरून दारात उभी होती. कपाळावर निळेजांभळे टेंगूळ आले होते.

"हे काय लागलं माय?"

"काई नाई. भित पुढे आली."

"भित नाई आली, हेच गेली भितीवर," ओसरीवरून तिचे वडील उकंडराव म्हणाले. "तिसरी बार हाय. त्या ठोक्याच्या पायी."

नदीवर नवा पूल होत होता. खांबांसाठी लोखंडी नळ भुईत ठोकणाऱ्या यंत्राला गावाने ठोक्या हे नाव दिले होते. त्याचा एकेक घाव घरातल्या फळीवरची भांडी थरथरवी आणि रुखमाबाईची टिचकी परत येण्याआधीच वाटेत विरून जाई. कंत्राटदाराकडे जाऊन उकंडरावांचे जोडे झिजले होते.

"खामगावून काठी आनतो म्हनलं, तर अंगावर येते," ते म्हणाले.

"आज काठी. उद्या कोनाचा तरी हात. परवा खाट," रुखमाबाई शांतपणे म्हणाली. "मले खाटेवर नाई पडाचं, पुष्पे. माह्या पायानं हिंडते तवरक मी हाय."

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना ते हाड पुष्पांजलीने भुईवर ठेवले. रुखमाबाईचा हात त्याच्यावर पडला. मुठीपेक्षा मोठे, कवडीसारखे आत वळलेले आणि आकाराच्या मानाने फार जड.

"दगुड हाय का शंख?"

"देवमाशाच्या कानाचं हाड हाय."

"देव हाय अन् भुईवर काऊन ठेवला?"

"नावातच देव हाय माय. देव नाई तो. मासाही नाई."

"नाव का कोनी उगीच ठेवते?" असे म्हणून तिने ते पदरात घेतले, आणि देवघराकडे चालू लागली.

उकंडराव हसले. "घ्या. मत्स्यावतार पाहुना आला. आता त्याच्यासाठी नैवेद्याले पुरन घाला."

"मेला कसा तो?" रुखमाबाईने आतून विचारले.

पुष्पांजलीने जमेल तितके सोपे करून सांगितले. समुद्रात थोडे खोल गेले, की उजेड सरतो. तिथे या जीवांना वाट, सोबती, पिल्लू, सारे कानानेच कळते. आता रात्रंदिवस जहाजांची घरघर चालते. तेल शोधणारे लोक पाण्याखाली हवेचे बार काढतात. पाणी तापल्यामुळे त्यांचे खाद्य जागा सोडून जाते, आणि त्याचा माग काढत ते किनाऱ्याकडे, नेमके त्या गोंगाटात शिरतात. हा रेतीवर येऊन पडला होता. कोळ्यांनी दोर लावून त्याला पुन्हा पुन्हा खोल पाण्यात नेऊन सोडले, आणि तो पुन्हा पुन्हा वळून रेतीकडेच आला.

"मंग तुमी काय करता?"

"आमी आवाज मोजतो. अहवाल पाठवतो."

"कोनाले?"

"सरकारले."

"अन् सरकार?"

"पोच देते."

रुखमाबाईने हाड बाळकृष्णाशेजारी ठेवले. मग म्हणाली, "आंधळ्याच्या घरात भांडे बडवाचे, अन् वरतून पोच द्याची. बरं हाय."

सकाळी पुष्पांजली उठली तेव्हा आई देवघरासमोर बसली होती. विहिरीचे पाणी ताम्हनात घेऊन तिने बाळकृष्णाला स्नान घातले, आणि त्याच्यामागून त्या हाडाला. तीर्थ घेण्याची तिची पद्धत गावाला ठाऊक होती. घोट घेतल्यावर लोक ओला हात डोळ्यांना लावतात. दृष्टी गेल्यापासून रुखमाबाई तो कानांना लावी. "बंद दारावर पानी शिंपडून काय करू? जे उघडं हाय, त्याले लावते," असे ती म्हणे. त्या सकाळी हाडाच्या पोकळीत साचलेले पाणी तिने बोटाने टिपले आणि एकेक थेंब दोन्ही कानांत सोडला.

पुष्पांजलीने ते पाहिले. हाड स्वच्छ होते, पाणी रोजचेच होते. तिने अडवले नाही.

दुपारी रुखमाबाई एकटी विहिरीवर गेली आणि भरली घागर घेऊन आली. कुठे अडखळली नाही. पुष्पांजलीच्या मनाला बरे वाटले. आई टिचकी न वाजवताच चालत होती, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. कान किंचित कलता ठेवून, पुढे चाललेल्या कोणाच्या तरी मागोमाग जावे, तशी ती चालत होती.

"ठोक्या आज लई दुरून येऊन राह्यला," ती म्हणाली. "खालून. अन् त्याच्याही पल्याड कोनी तरी बोलावते."

"कोन?"

"ते का मले ठाव हाय? एकटंच हाय बापडं. लंब हाक मारते, खाली खाली जाते, मंग दम खाते. घाव बसला का गप. पुन्हा मारते."

आणि तिने घशातल्या घशात तो स्वर काढून दाखवला.

पुष्पांजलीच्या हातातले ताट तसेच राहिले. हा स्वर तिने कानाला यंत्र लावून, नावेत बसून, पुष्कळदा ऐकला होता. घरी तो तिने कधी कोणाला ऐकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी तिला विहिरीवर नेले. "हे पाय." आतल्या दगडी बांधणीवर हातभर उंचीचा ओला पट्टा होता. "पहाटे पानी इथवर होतं. सकाळी उतरलं. आता पुन्हा चढून राह्यलं. चैतात इहिरीले पानी चढते काय?"

"उपसा कमी झाला असंन बाबा."

तिने मोबाइल काढून, जिथे तो देवमासा पडला होता त्या किनाऱ्याची भरती-ओहोटी पाहिली. तिथे भरती लागली होती. तिने मोबाइल ओच्यात खोचला. खालच्या पाण्यावर एक बारीक लाट उठून बांधणीला लागली. वारा अजिबात नव्हता.

परतताना पाराजवळ रहेमतुल्ला जीप पुसत उभा होता. पुलाच्या मजुरांची ने-आण तोच करी.

"चाचा, ठोक्या कालपासून दूर नेला का?"

"कायचा ठोक्या, बेटा? तू आली त्याच राती त्याचा पट्टा तुटला. मजूर खाली बसून पत्ते खेळून राह्यले. माह्या धंद्याची खोटी." त्याने तिच्याकडे निरखून पाहिले. "काऊन? काकीनं काही म्हनलं का?"

"नाई."

"मले म्हने, रहेमतुल्ला, तुह्या गाडीत मागं कोन रडते? गाडी रिकामी होती बेटा."

पुष्पांजली घरी आली ती निश्चय करूनच. त्याच दिवशी नागपूर गाठायचे. तिने देवघरातून हाड उचलले. ते ओले होते आणि हाताला कोमट लागले. तिने ते घट्ट गुंडाळून पिशवीत घातले आणि आईला हाक मारली.

उत्तर आले नाही.

उंबऱ्यात रुखमाबाईच्या चपला होत्या. घागर जागेवर होती.

पुलावरून निरोप आला. रहेमतुल्लाची जीप तिला घेऊन नदीवर पोहोचली, तेव्हा ऊन मी म्हणत होते. पूर्णेच्या पात्रात पाण्याची डबकी आणि मैलभर रेती. अर्ध्या पुलाच्या सावलीत मजुरांचा घोळका उभा होता.

"आम्ही लई बार फिरवलं हो यांना," त्यांचा मुकादम म्हणाला. "हात धरून गावाच्या रस्त्याला लावलं. सोडलं की पुन्हा फिरतात. पुन्हा तिकडंच."

त्याने हात केला तिकडे पश्चिम होती. नदी समुद्राकडे जाते ती दिशा.

रुखमाबाई रेतीवर एका कुशीवर पडली होती. गाल रेतीला टेकलेला.

"माय."

"गप," रुखमाबाई पुटपुटली. "जवळ आलं ते. अगदी जवळ..."

आणि तिचे सारे अंग एकदम दचकले.

पात्रात कसलाही आवाज झाला नव्हता. यंत्र बंद होते. बगळे पाण्याकाठी तसेच उभे होते.

तिच्या दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार आली.

खामगावच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "यांच्याजवळ मोठा स्फोट झाला होता का?" दोन्ही पडदे फाटले होते, आतली नाजूक हाडेही निखळली होती. ऐकू येण्याची आशा नव्हती. पुष्पांजलीने नाही म्हटले. डॉक्टरांना ते खरे वाटले नाही, आणि त्यांनी ते तसे लपवलेही नाही.

आठवड्याने ठोक्याचा पट्टा जुळला आणि काम पुन्हा सुरू झाले. कंत्राटदाराने सहानुभूती म्हणून एक चांगली पांढरी काठी पाठवली. ती भिंतीला टेकवलेली आहे. हाड नागपूरला पोहोचले. प्रयोगशाळेने पोच दिली.

रुखमाबाई खाटेवर आहे. जीभ टाळूला लावते, टिचकी वाजवते, थांबते, आणि तोंड मिटते. उकंडराव तिच्या तळहातावर बोटाने काहीबाही काढत बसतात. ती हात झटकत नाही.

पुष्पांजलीने रजा वाढवून घेतली आहे. ती दिवसभर आईच्या उशाशी बसते, कारण पहिल्यांदा तिच्याच लक्षात आले, की आईचा श्वास बदलला आहे. रुखमाबाई एकदाच खोल श्वास घेते आणि धरून ठेवते. छाती हलत नाही, ओठ मिटलेले, चेहरा अतिशय शांत. मग कितीतरी वेळाने, नाकातोंडातून मोठ्या जोराचा फुत्कार निघतो, त्याचे तुषार पुष्पांजलीच्या मनगटावर पडतात, आणि लगेच पुढचा श्वास आत जातो.

डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही, त्या दर वेळी श्वास घेतातच.

ते खरे आहे. दर वेळी ती श्वास घेते, दर वेळी आधीपेक्षा थोड्या उशिराने.