सागवानावरची ओली पावलं

ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

मी वैजनाथ, नांदेडचा, घरात लाकडी फरशी बसवणारा मिस्त्री. भुताखेताचं सांगणाऱ्यांना आजवर मीच येड्यात काढत आलो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय, तेही भर दुपारी.

मागच्या मे महिन्यातला शुक्रवार. लातूर. दयानंद सरांचा बंगला.

हे सर म्हणजे क्लासवाले. जिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, तिथं ह्यांना हॉलमध्ये सागवान पाहिजे! शहाबादी फरशी काय पायाला चावत होती? पण हौस. त्याच्या आदल्या पावसाळ्यात बसवून दिलं मी.

काम झाल्यावर नेहमीचं सांगितलं. लाकडाला ओल सोसत नाही. ओलं फडकं मारू नका. हॉलमध्ये पाण्याचा कूलर लावू नका, दमट हवेनं पट्ट्या फुगतात. पावसाळ्यात हवेतली ओल ओढायचं मशीन चालवा. सरांनी ते सगळं टाईप केलं, लॅमिनेशन केलं आणि दारावर टांगलं. वर पहिला नियम स्वतःचा घातला... ओल्या पायांनी आत येऊ नये.

त्याच दिवशी भोकरहून त्यांचे वडील आले. ग्यानोबा. खांद्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं. शेतातला माणूस, पाय धुतल्याबिगर कुणाचा उंबरा ओलांडणार नाही. फाटकाजवळच्या बादलीतून तांब्याभर पाणी पायांवर ओतलं आणि निघाले आत.

"बाबा, थांबा! पाय ओले आहेत!" सर ओरडले. मग माझ्याकडं वळून, "मिस्त्री, तुम्ही सांगा यांना."

आणि मी सांगितलं. लाज वाटते आज.

"बाबा, वल लागली की लाकूड फुगतंय."

"बरं," म्हातारा म्हणाला. "वाळू दे मंग." आणि पायरीवर बसला.

पाय वाळले. पण 'आत या' कुणी म्हटलंच नाही. सून शिवांगी माहेरी, धर्माबादला. सर फोनवर. संध्याकाळच्या एसटीनं म्हातारा परत गेला, तो गेलाच. दिवाळीत वारला.

मग मे महिन्यात सरांचा फोन. "मिस्त्री, तुमचं काम फसलं. पट्ट्या उचलल्यात. आणि बायको घसरली, सातवा महिना आहे तिचा."

बघा! आधी पट्ट्या, मग बायको.

गेलो. उंबऱ्यापासून आत, एका रेषेत पट्ट्या फुगलेल्या. ओल मोजायचं मीटर लावलं. बाकी हॉलमध्ये नऊ टक्के. त्या रेषेवर... एकतीस.

एक पट्टी उकलली. खालचं सिमेंट ठणठणीत कोरडं. जवळपास पाईप नाही. कूलर नाही.

म्हणजे ओल वरून येत होती.

शिवांगीताई आतल्या खोलीच्या दाराला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "भाऊ, रोज एक ओलं पाऊल पुढं येऊन राहिलंय. त्याच्यावरूनच घसरले मी. परत पडले तर लेकरू हातचं जाईल. ह्यांना म्हणलं, एकदा तोंडानं बाबांना 'आत या' म्हणा. तर म्हणतात, मशीन लावू."

मशीन कोपऱ्यात चालूच होतं. मी टाकी बघितली... काठोकाठ भरलेली. लातुरात, मे महिन्यात!

तेवढ्यात फाटकाजवळ तांब्या वाजला.

मग पाणी ओतल्याचा आवाज...

मी बाहेर डोकावलो. कुणी नाही. बादली उपडी. कोरडी.

मागं वळलो, तर उंबऱ्याच्या आत... एक ओलं पाऊल. रुंद, फाकलेल्या बोटांचं.

मग दुसरं.

मग तिसरं. शिवांगीच्या दिशेनं.

"अहो, म्हणा की!" शिवांगी किंचाळली. "या बाबा म्हणा!"

खुर्चीमागं उभ्या सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता तरी हा माणसात येईल. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, जमिनीवर टाकला आणि म्हणाले,

"बाबा... आधी पाय पुसा."

मशीनची घरघर बंद पडली. पुढचं पाऊल उमटलंच नाही. पंखासुद्धा ऐकू येईना.

शिवांगीनं डोक्यावर पदर घेतला. "बाबा," ती म्हणाली, "या. तसंच या आत."

पावलं टॉवेलाला वळसा घालून चालत आली. तिच्या पायांपर्यंत आली... आणि संपली. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

संध्याकाळी मीटर सगळीकडं नऊ. "वाळलं बघा!" सर खूश. थू असल्या माणसावर!

शिवांगीताई दुसऱ्या दिवशीच धर्माबादला गेली. श्रावणात मुलगा झाला. दोघंही सुखरूप. मला वाटलं, सुटलो.

परवा सरांचा फोन आला. "मिस्त्री, बाळ रांगतंय आता. पण त्याचे तळपाय सारखे ओले असतात. पुसले की परत ओले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. सोमवारी घरी आणतोय... लाकडावर कुठलं पॉलिश मारून घेऊ?"

तोंडात आली ती शिवी देऊन मी फोन ठेवला. लगेच शिवांगीताईला लावला.

"ताई, नका नेऊ लेकराला तिथं."



"मलाही न्यायचं न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "पण त्यालाच जायचंय. किती बी रडत असलं तरी लातूरचं नाव काढलं की गप होतंय... अन् दाराकडं बघत बसतंय."

आज शनिवार. सोमवार परवावर आला.