येतो म्हणावं

आई आणि कॉम्प्युटर यांचं कधी पटलं नाही. ज्यांना दिसत नाही अशांसाठी ती घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आवाज अगदी खणखणीत, पण भलतंच बटण दाबून सकाळभराचं वाचन पुसून टाकण्यात तिचा हातखंडा होता. मुलगा पेशानं ध्वनिमुद्रक. शेवटी त्यानं हात टेकले आणि एक प्रोग्राम लिहिला. आईनं फक्त पेन ड्राइव्ह खोचायचा, पुढचं सगळं आपोआप. खोलीच्या दाराला विजेचं कुलूप लागे, बाहेर लाल दिवा पेटे, रेकॉर्डिंग सुरू होई. पेन ड्राइव्ह उपसला की दार मोकळं.

कुलूप बसवावं लागलं ते नातीमुळे. ऐन रंगात आलेल्या वाचनात "आजी, चित्रं दाखव" म्हणत ती आत घुसायची. तिला अजून अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पुस्तक म्हणजे चित्रं एवढंच तिला ठाऊक.

गंमत म्हणून त्यानं आईचाच आवाज प्रोग्रामला जोडला होता. पेन ड्राइव्ह लावला की "आले", काढला की "जाते". ते ऐकून आईनं डोळे वटारले होते.

"जाते म्हणू नये रे. येते म्हणावं."

मग तो शब्द पुन्हा रेकॉर्ड झाला.

उन्हाळ्यात आई झोपेतच गेली. एक जाडजूड कादंबरी तिनं नुकती हातात घेतली होती. वाचायला घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकायचं नाही हा तिचा बाणा, आणि इथं तर पहिलं प्रकरणही संपलं नव्हतं. पेन ड्राइव्ह आठवण म्हणून ताईनं परगावी नेला. खोली मात्र तशीच राहिली. आवरायला गेलं की त्याला रडू यायचं, म्हणून तो जायचाच नाही.

त्या दुपारी त्यानं मन घट्ट केलं. बायको कामावर गेली होती, पोरीला बालवाडीतून आणायला अजून अवकाश होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत फोन न्यायचा नाही ही अंगवळणी पडलेली सवय, म्हणून फोन बाहेर ठेवून तो आत गेला आणि सवयीनंच दार ओढून घेतलं. खुर्चीवरची उशी उचलतोय तोच स्पीकरमधून आवाज आला.

"आले."

कुलूप खट्कन लागलं.

त्यानं वाकून पाहिलं. टेबलावरची पेन ड्राइव्हची खाच रिकामी होती. काहीतरी बिघडलं असणार, असं स्वतःला बजावून त्यानं खिशातला आपला पेन ड्राइव्ह खोचला आणि उपसला. काहीच झालं नाही. पंख्याची घरघर नको म्हणून कॉम्प्युटर त्यानंच बाहेर ठेवला होता. आत फक्त पडदा, माइक, हेडफोन, स्पीकर आणि वायरीनं जोडलेली ही खाच. पेन ड्राइव्ह काढला की दार उघडतंच, मग आतून वेगळा खटका कशाला, हे शहाणपणही त्याचंच.

त्यानं दारावर धडका दिल्या, घसा फोडून हाका मारल्या. पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच तर खोली बांधली होती. कुणाला ऐकू जाणार कपाळ!

पडद्यावर रेकॉर्डिंगची रेघ सरकत होती. तो दमून गप्प बसला. रेघ थरथरतच होती. त्यानं श्वास रोखून धरला. तरी थरथरत होती.

त्यानं हेडफोन कानाला लावले. कुणीतरी हलकेच खाकरलं. मग ओल्या बोटानं पान उलटल्याचा बारीक आवाज आला. आई बोटाला थुंकी लावून पान उलटायची, आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून तो तिच्यावर करवादायचा.

भीतीपेक्षा पोरीच्या काळजीनं जीव कासावीस झाला. एव्हाना बालवाडी सुटली असणार. रस्ता हा असा वाहता, आणि कुणी दिसलं नाही की ती एकटीच घराकडे चालू लागायची.

माइकपुढे तोंड नेऊन तो अक्षरशः रडला. "आई, सोड ना गं. पोरगी एकटी आहे. तिला घेऊन येतो."

रेघ सरळ झाली.

"येते," आई म्हणाली.

दार उघडलं.

तो चपला न घालताच धावला. पोरगी बालवाडीच्या फाटकाशी शिपाईणबाईंचा हात धरून उभी होती. त्याच्या जिवात जीव आला. तिला कडेवर घेऊन तो घरी आला, उतरवलं, आणि आधी जाऊन कॉम्प्युटरची आणि कुलपाची, दोन्ही वायरी भिंतीतून उपटल्या. आता काय करायचं ते कर, असं पुटपुटलासुद्धा.

मागे खट्कन आवाज झाला.

दाराबाहेर लाल दिवा पेटला होता. वायरी त्याच्या हातात होत्या.

तो दारातल्या काचेशी गेला. पोरगी आजीच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर ती कादंबरी. ओठ हलत होते, नजर ओळीवरून ओळीवर सरकत होती. त्यानं काचेवर मुठी आपटल्या. तिनं वर पाहिलं नाही.

घेऊन जातो म्हणायला हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

पोरीनं बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. पुस्तकाची पुष्कळ पानं अजून बाकी होती.