बाबांचे दोन शब्द

आईने कपाटातली शाल काढली, झटकली आणि म्हणाली, "मी नाटकाला निघाले. ज्यांना यायचंय त्यांनी यावं." ज्यांना म्हणजे थोरलीला आणि धाकट्याला. बहीणभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, हे माहीत असूनच तिने तिन्ही तिकिटं शेजारशेजारची काढली होती.

दिवस वाईट होते. धाकट्याचा कारखाना बंद पडला होता आणि थोरलीच्या शिवणयंत्रावर कापडापेक्षा धूळच जास्त. "मी बाहेरगावी काम बघतो, आईला तू सांभाळ," असं तो म्हणाला, तेव्हा थोरली फटकन बोलून गेली, "जड झाली वाटतं आई तुला." तेव्हापासून घरात फक्त भांडी बोलत होती. आईला दाराची घंटाही ऐकू येत नसे, पण घरातली ही शांतता तिला बरोबर ऐकू आली.

नाट्यगृह तेच, जिथे बाबा प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, अंधारात उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आवाज टिकावा म्हणून गालात सतत ज्येष्ठमधाची काडी. लहानपणी सुट्टीच्या दुपारी ही दोघं आईबरोबर विंगेच्या बाजूला बसत. बाकीचे लोक नाटक बघत आणि ही दोघं बाबांचं कोपर, कारण तेवढंच दिसायचं. कोपर हललं की धाकटा थोरलीला चिमटा काढायचा. कुणीतरी विसरलं.

बाबा म्हणत, अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही. पहिले दोन शब्द द्यायचे, पुढचं माणसाच्या पोटात असतंच. घरीही तोच खाक्या. पोरं भांडली की ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून कुजबुजत, "ताई, मी..." आणि धाकटा नाक ओढत पुढचं बोलून टाकायचा. ते गेले, आणि पुरवणारं कुणी उरलं नाही.

दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने आईला ओळखलं, हात धरून खुर्चीपर्यंत आणलं.

"आता तिथे कोण उभं राहतं?" थोरलीने विंगेकडे बोट दाखवून विचारलं.

"कुणी नाही, बाई. हल्ली नटांच्या कानात यंत्र असतं. तुमच्या बाबांनंतर ती जागा रिकामीच आहे."

दिवे गेले. मध्ये आई, दोन्हीकडे दोन मुकी पोरं. जुन्या मखमलीचा तोच कुबट वास, खुर्च्यांची तीच करकर. थोरलीला वाटलं, एकेकाळी किती सुखाचं होतं इथे बसणं, आणि तेव्हा ते सुख आहे हेही कळलं नव्हतं.

मध्येच मखमलीच्या वासात दुसरा वास मिसळला. गोडसर, ओल्या लाकडासारखा. ज्येष्ठमध.

रंगमंचावर संवाद धडधडत चालू होते, कुणीच अडलं नव्हतं. आणि तरीही विंगेच्या अंधारातून कुजबुज आली, हलकी, खरखरीत, नेमकी यांच्या रांगेकडे वळलेली.

"ताई, मी..."

धाकट्याने मान वळवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, मी..." तो म्हणाला, आणि पुढचं आपोआप आलं. "मी जायला घाबरतोय गं. मी तिकडे, आणि इथे आईला काही झालं तर..."

थोरलीला बोलायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती.

"अरे, इथेच..." कुजबुज आली.

"अरे, इथेच राहा ना," ती म्हणाली. "जे असेल ते तिघं मिळून खाऊ." आईच्या मांडीवरून तिने हात पुढे केला, त्याने तो घट्ट धरला. दोघं रडत होती, आणि विंगेकडे बघायची हिंमत दोघांनाही नव्हती.

पडदा पडला. टाळ्या विरल्या. दिवे लागण्याआधीच्या त्या अंधाऱ्या क्षणी पुन्हा आवाज आला. या वेळी अगदी मायेने, अगदी जवळून.

"बरं, येते..."

आईने चटकन मान उचलली. विसरलेलं काही आठवावं तसे तिचे ओठ उघडले. "बरं, ये..."

"आई, ऊठ, शाल घे," थोरली मोठ्याने म्हणाली. "आई, चप्पल कुठंय तुझी?" धाकटा त्याहून मोठ्याने. तो निरोप तिच्या तोंडून पुरा व्हायच्या आत दोघांनी दोन्ही बाजूंनी तिला उठवलं.

"थांबा रे," आई वैतागली. "आत्ता दिलं होतं त्यांनी. काय होतं ते वाक्य?"

वाटभर ती आठवत राहिली.

धाकटा कुठे गेला नाही. घर पुन्हा बोलकं झालं, जरा जास्तच. दोघं आळीपाळीने आईशी बोलत असतात, हवापाण्याचं, शेजाऱ्यांचं, काहीही. शेजारी म्हणतात, किती जीव आहे पोरांचा. जीव तर आहेच. पण घरची माणसं गप्प झाली की बाबा शब्द पुरवतात, हे फक्त या दोघांना ठाऊक आहे.

काल दुपारी धाकट्याचा डोळा लागला. थोरली सुईत दोरा ओवत होती, श्वास रोखून. दोरा एकदाचा गेला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, घरात कसलाच आवाज नाही. स्वयंपाकघराच्या दाराआडून ज्येष्ठमधाचा वास येत होता.

आतल्या खोलीतून आई स्पष्टपणे, लाजत म्हणाली, "हो, आता आलं ऐकू."