अर्धवट राहिलेल्यांची यादी

सिंगापुरातल्या पुंगोलच्या एलआरटी रेल्वे स्टेशनवर त्या दुपारी पावसामुळे माणसं दाटीवाटीने उभी होती. तेवढ्यात मागून कोणीतरी चक्क मराठीत विचारलं, "माफ करा... तुम्ही चैत्राली नगरकर का?"

चैत्रालीचा हात आधी गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेला. बालवाडीतून निघताना ते काढायचं राहून गेलं होतं. समोर तिशीतला एक माणूस शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत उभा होता. त्याचे खांदे पार भिजले होते.

"आपण?"

"सुगत वानखडे. गेल्या आठवड्यात तुम्हाला तीनदा फोन केला होता. तुम्ही तिन्ही वेळा –"

"कट केला. मग नंबर ब्लॉक केला," चैत्राली म्हणाली आणि पर्स घट्ट धरून एक पाऊल मागे सरकली.

तो आवाज तिच्या चांगला लक्षात होता. 'तुमच्या डिप्लोम्याचे दोनच विषय राहिलेत, पूर्ण करायला आवडेल का?' सिंगापुरात रोज कोणी ना कोणी फोनवरच्या गोड बोलण्याला भुलतं. पण मराठीतून भुलवणारा तिला पहिल्यांदाच भेटला होता. आणि आता तर तो प्रत्यक्ष समोर उभा!

"माझा पाठलाग करत आलात इथवर?"

"छे हो! मी पुढच्याच स्टेशनजवळ राहतो."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

ती आणखीच चिडली. त्याला मात्र हसू आलं.

"माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "शनिवारी बुओना व्हिस्टाला तुमच्या कॉलेजच्या काउंटरवर जाऊन विचारा. माझं नावही घेऊ नका. फक्त डिसेंबरच्या आत जा. नंतर तुमचे आधी पास झालेले विषयही बाद होतील."

गाडी आली. तो जागचा हलला नाही. "तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या गाडीने येतो. म्हणजे तुम्हाला सारखं मागे वळून बघायला नको."

आणि दार बंद होताना चैत्रालीने नेमकं मागे वळून पाहिलं...

पाच वर्षांपूर्वी तिचे बाबा, मनोहर, सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये कामावर असतानाच कोसळले. अर्धांगवायू. तिच्या बालशिक्षणाच्या डिप्लोम्याचं तेव्हा शेवटचं सत्र चालू होतं. ते तिने सोडलं, ते सोडलंच. तेव्हापासून ती पुंगोलच्या बालवाडीत मदतनीस होती. दर जानेवारीत तिच्याहून लहान एखादी मुलगी बाई म्हणून रुजू व्हायची, आणि कुठलं मूल कशाने रडतं, कशाने शांत होतं, हे चैत्रालीच तिला शिकवायची. वर्ग मात्र त्या मुलीच्या नावावर.

शनिवारी ती काउंटरवर गेली. सगळं खरं होतं. शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांना शोधायचं आणि त्यांची अडचण काय ते बघून वाट काढायची, यासाठी कॉलेजने नवा विभाग काढला होता. सुगत त्याच विभागात काम करायचा, आणि यादीत तिचं नाव एक्केचाळिसावं.

तरीही तिने सुगतला गाठून सरळच विचारलं, "यात तुमचं काय?"

ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गजबजाटात बसले होते. सुगत चहाच्या ग्लासातला चमचा गोल गोल फिरवत राहिला. "माझ्या आईचं बी.ए.चं शेवटचं वर्ष माझ्या जन्माच्या वेळी राहिलं. नागपूरचं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर. पण 'बाई, तुम्ही का येत नाही?' असं विचारायला कधी कोणी आलं नाही."

फारच जमून आलेली गोष्ट आहे, असं चैत्रालीच्या मनात आलं. आणि असं मनात यावं याची तिला लाजही वाटली.

राहिलेल्या दोन विषयांपैकी एकाचा वर्ग फक्त संध्याकाळी भरायचा, आणि संध्याकाळी बाबांना व्यायाम द्यावा लागायचा. सुगतने शोधून काढलं की याच कारणाने आणखी नऊ जण अडकलेत. त्याने वर्ग शनिवारी सकाळी घ्यायला लावला. प्रात्यक्षिक तिच्याच बालवाडीत करायची परवानगी मिळवली. वर्गानंतर लायब्ररीत तो समोर बसायचा आणि म्हणायचा, "मला काही कळत नाही असं समजून शिकवा."

"समजायचं कशाला? दिसतंच आहे."

"बरं. तीन वर्षांचं मूल रुसलं तर काय करायचं?"

"त्याच्या उंचीवर खाली बसायचं. घाई करायची नाही. ते आपण होऊन बोलेपर्यंत... थांबायचं."

"आणि समोर बसलेलं एकोणतीस वर्षांचं रुसलं तर?"

ती पुस्तकात डोकं घालायची. कान मात्र गरम व्हायचे.

सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या त्या विभागातून राधिका नावाच्या कोणाचा तरी ईमेल आला – यापुढे तुमचं काम मी पाहीन. बस्स, एवढंच. सुगत त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. शनिवारी मात्र हजर! "ऑफिसचं काम होतं, म्हणून आलो," म्हणाला. चैत्रालीच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. फॉर्म द्यायच्या निमित्ताने ती राधिकाला भेटली आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं.

"सुगत? शनिवारी?" राधिका म्हणाली. "त्याला तर शनिवारी सुट्टी असते."

पुढच्या शनिवारी चैत्रालीने त्याला लायब्ररीच्या जिन्यातच अडवलं. "खोटं का बोललात? आधी माझी फाईल दुसऱ्याच्या गळ्यात मारलीत, आणि वर ऑफिसचं काम? यादीतल्या प्रत्येकीला असंच गुंडाळता का?"

सुगतचा चेहरा उतरला. "फाईल राधिकाला मीच दिली, स्वतः विनंती करून. जिच्या फोनची मी दिवसभर वाट बघतो, तिची फाईल माझ्या टेबलावर असणं बरोबर नव्हतं."

जिन्यावरून एक मुलगी धाडधाड उतरून गेली. चैत्राली तिला वाट द्यायला भिंतीला टेकली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पळाला असता. माझ्यापासून पळाला असता तर चाललं असतं... पण अभ्यासही सुटला असता. डिसेंबर होईपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं होतं."

पाच वर्षं चैत्राली प्रत्येक चांगल्या माणसाच्या पोटात काय आहे ते शोधत आली होती. या माणसाच्या पोटात हे निघालं!

"मग ठरवल्याप्रमाणे थांबा," ती हळूच म्हणाली. "माझा निबंध अजून व्हायचाय."

तो थांबला. दर शनिवारी समोर बसून, अगदी इमानदारीने, नुसता रुसलेल्या मुलांबद्दल विचारत थांबला.

निकाल डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी लागला. बाबांनी वाकड्या ओठांनी "शा...ब्बास" म्हणायला पुरतं अर्धं मिनिट घेतलं, आणि मग डाव्या हाताने डोळे पुसले. सुगतला भेटायला बोलावून चैत्राली तशीच निघाली. पुंगोलच्या पाण्याकाठी, सायकली जातात त्या वाटेवर सुगत उभा होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बटण चुकीच्या काजात लावलं होतं.

"पास झाले. जानेवारीपासून वर्ग माझा," ती म्हणाली. "आता बोल."

त्या 'बोल'ने त्याची पुरती दांडी गुल झाली. "मी... म्हणजे, तुम्ही... तू जर..."

चैत्रालीने थोडी वाट पाहिली. एक सायकल गेली, दुसरी गेली.

"राहू दे, मीच बोलते," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाचं बटण नीट लावू लागली. "मला तू आवडतोस, सुगत. खूप दिवसांपासून. यात माझा काय डाव आहे, ते तू शोधत बस आता."