नवव्या दिवशी मेलेले मणी

"मॅडम, तिसराही कॉलम गेला," मॅनेजर फोनवर म्हणाला. "पुन्हा नवव्याच दिवशी."

तपासनीस बाईंनी डोळे मिटून घेतले. मुख्य कचेरीतून त्या दोनदा त्या कारखान्यात जाऊन आल्या होत्या. दोन्ही अहवालांत 'कारण समजले नाही' असं लिहिताना त्यांना स्वतःचीच चीड आली होती.

कारखाना साखरेच्या पाकाचा. पूर्वी पिष्टाच्या पाण्यात, पिष्टाची साखर करणारं एन्झाइम घालून ते दोन दिवस टाकीत ढवळत ठेवावं लागे. आता माणसाएवढ्या उंच कॉलममध्ये पांढरे मणी भरले होते आणि एन्झाइम त्या मण्यांनाच जखडलेलं होतं. वरून पिष्टाचं पाणी सोडायचं, खालून अखंड गोड पाक घ्यायचा. मणी सहा महिने टिकायला हवे होते.

ही पद्धत बसवणारा शास्त्रज्ञ टाकी विभागातल्या फोरमनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फोरमन त्याला भावोजी म्हणे, म्हणून सगळा कारखानाच त्याला भावोजी म्हणू लागला होता.

या खेपेला तिथे पोचताच बाईंनी कागद बाजूला सारले आणि कॉलमच उघडायला लावला. वरचे मणी एका पेल्यात, खालचे दुसऱ्यात. दोन्हींत पिष्टाचं कोमट पाणी. तासाभराने आयोडीनचा एकेक थेंब.

वरच्या मण्यांचा पेला जेमतेम निळसर झाला. खालच्याचा शाईसारखा काळानिळा.

"खालचे ठार मेलेत. पिष्ट पचलंच नाही," बाई म्हणाल्या. "वरून येणाऱ्या मालात खोट असती तर आधी वरचे मेले असते. एन्झाइम असं मरतं ते उष्णतेनेच. कोणीतरी खालून कढत पाणी सोडलंय. खालून पाणी कुठून येतं?"

"धुण्याच्या व्हॉल्व्हमधून," फोरमन म्हणाला.

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. दुसरी प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये."

बाईंनी तापमानाचा आलेख उलगडला. पंपाच्या ठोक्यांमुळे रेघ सतत बारीक थरथरत होती. फक्त नवव्या दिवशी, रविवारी दुपारी अर्धा तास ती पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"कढत पाणी आलेखात दिसू नये म्हणून सेन्सर काढून कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये बुडवलेला. रविवारी इथे कोण होतं?"

"आम्ही दोघंच. मी आणि भावोजी."

मॅनेजर उसळला. "मग आणखी काय शोधायचं? टाक्या बंद झाल्या तर कोणाची गादी जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"मी?" फोरमनचा आवाज चढला. "बहिणीच्या नवऱ्याच्या कामावर मी कढत पाणी ओतेन? भावोजी, तुम्ही तरी बोला."

भावोजी खिडकीबाहेर बघत राहिले. "मी काय बोलणार?"

मॅनेजरने फोरमनला तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. किल्ली टेबलावर आपटून फोरमन निघाला आणि दारात थांबला.

"माझ्या बाटल्या तेवढ्या नेतो."

"कसल्या बाटल्या?" बाईंनी विचारलं.

"रोजच्या पाकाच्या. टाकीच्या काळापासूनची सवय. भावोजी म्हणाले होते ठेवू नका, जागा अडते. मी काही ऐकलं नाही."

फळीवर तारखा घातलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. बाईंनी त्यांतून पहिल्या आणि आठव्या दिवसाची बाटली उचलली.

संध्याकाळी पाचला त्यांनी तिघांनाही प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर पिष्टाच्या पाण्याचे दोन पेले होते.

"यांत मणी नाहीत. एकात पहिल्या दिवसाचा पाक, दुसऱ्यात आठव्याचा. दोन तास कोमट ठेवलेत." त्यांनी आयोडीन टाकलं. पहिला पेला गडद निळा झाला. दुसऱ्यात रंग चढलाच नाही.

"म्हणजे?" मॅनेजरने विचारलं.

"मण्यांशिवायच पिष्ट पचलं, म्हणजे आठव्या दिवसाच्या पाकातच एन्झाइम आहे. ते मण्यांना धरून राहत नाही, सुटून पाकाबरोबर वाहून जातं. कॉलम दोन-चार दिवसांत आपोआपच बंद पडला असता. फोरमनला ही पद्धत बुडवायची असती तर हातावर हात ठेवून बसणं पुरे होतं. घाई कोणाला होती? मण्यांचा दोष उघडा पडला तर ज्याचं सगळंच संपणार होतं, त्याला. कढत पाण्याने मारलेल्या मण्यांना, एन्झाइम सुटत होतं का, हे कोणी विचारत नाही. म्हणून तिन्ही वेळा नववा दिवस. दुसरी किल्ली तुमच्याच प्रयोगशाळेत. बाटल्या नकोत म्हणणारेही तुम्हीच, भावोजी."

भावोजी स्टुलावर बसले.

"बांधणी सैल पडतेय, एवढंच," ते म्हणाले. "रोज वाटायचं, पुढच्या खेपेला जमेल. सात वर्षं घातली यात. मला फक्त वेळ हवा होता. तुमच्यावर आळ येईल असं डोक्यातसुद्धा नव्हतं."

"पण आला तेव्हा?" फोरमनने विचारलं. "सकाळी मी तुमच्याकडे बघत होतो. तेव्हा कुठे होती तुमची जीभ?"

मॅनेजरने फोरमनकडे न बघताच किल्ली त्याच्यापुढे सरकवली. फोरमनने तिला हातही लावला नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि भावोजींच्या समोर धरला.

"घरी मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

पलीकडून बहिणीचा आवाज आला, "हां दादा, बोल."

भावोजींनी फोन हातात घेतला.