पाटाच्या रस्त्यावरचा दांडा

सुवर्णाच्या सायकलला डायनॅमो बसवून आणायला मी रविवारी दुपारी सायखेड्याला गेले होते. सुवर्णा माझी चुलत बहीण, अकरावीत शिकणारी. मी नाशिकची, दिवाळीच्या सुट्टीत काकांकडे आलेली. दिवाळीनंतर गावातली सकाळची एसटी बंद झाली आणि कॉलेजला जायला तिला दोनच रस्ते उरले. एक डांबरी, कांद्याच्या ट्रकांचा. दुसरा पाटाचा. पाटाचा रस्ता म्हणजे कालव्याच्या काठाने गेलेली मुरमाची सात किलोमीटरची वाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी आणि त्यांच्यामागे द्राक्षाचे मांडव. दोन्ही टोकांना आडवा लोखंडी दांडा आणि दांड्याला कुलूप. शेजारच्या फटीतून सायकल तेवढी निघते. त्या सुट्टीत मी रोज तिथे सायकल चालवली. हॉर्न नाही, धूर नाही, मागून कोण येतंय म्हणून मान वळवणं नाही. रस्ता असा असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुरू होणार होतं. झुंबरकाकांनी डायनॅमो फिरवून पाहिला. "झकास बसवलाय. बघू," ते म्हणाले.

काकांचं 'बघू' म्हणजे नाही. पाटाने जाऊ देणार नाहीत आणि डांबरीने तर नाहीच नाही, म्हणजे सुवर्णाचं कॉलेज संपलं, हे त्या एका शब्दात आलं होतं. कारण विचारलं तर सांगणार नाहीत. त्यासाठी त्यांनी खंडेराव तात्यांना बोलावलं.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तारीख २८ नोव्हेंबर २००४, रात्रीचे आठ. लोडशेडिंग होतं. ओट्यावर कंदील, कंदिलाशी तात्या. समोर मी आणि सुवर्णा. काका खांबाला टेकून बसले होते, मंगलाकाकू आतल्या उंबऱ्यात लसूण सोलत होत्या.

"तात्या, पोरींना जरा ती पाटाची गोष्ट सांगा," काका म्हणाले.

"खरी हाय बरं का," तात्यांनी सुरुवात केली. "माझ्या हाताखाली कारभारी नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हंजी पाळीनं शेतांना पाणी सोडतो तो. तेजल, तुला शहरात काय माहीत असणार."

"माहितेय, तात्या."

"माहितेय तर गप ऐक. बारा जानेवारी नव्व्याण्णव, मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काय नाय. रातचे आठ वाजून गेलेले. कारभारी चारीचं, म्हंजी पाटाच्या फाट्याचं, दार बंद करायला निघाला. रोजचंच काम. बायकोला म्हणला, भाकरी टाक, हा आलोच. तर त्याच्या आदल्या साली त्या पाटावर एक पोरगी गेलेली. टायपिंगच्या क्लासवरून सायकलीवर येत होती. आता पोरीच्या जातीनं एवढ्या उशिरा..."

"किती वाजता?"

"साडेसात."

"साडेसातला तुम्ही पारावर पत्ते खेळत असता."

"मी बाप्या हाय."

सुवर्णाने माझा हात दाबला. "पाटात पडली का ती?" मी विचारलं.

तात्यांनी तंबाखू मळली, चिमूट ओठाखाली ठेवली. मग म्हणाले, "ट्रॅक्टर."

"पाटाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर कुठून येईल? दांडा आहे ना?"

"कारभारीनं उघडलेला. वाळूवाल्यांनी सांगितलं, ह्यानं उघडला. नदीतली वाळू रातची काढतात. डांबरीनं नेली तर तहसीलदार धरतो. पाटानं नेली तर कोण बघतंय? दिवे बंद करून चालला होता ट्रॅक्टर. आन पोरगी मधोमध. तिला काय ठाऊक. त्या रस्त्याला गाडी नसतेच."

"नाव काय तिचं?"

"रातचं नाव घेऊ नये."

"रूपाली," उंबऱ्यातून काकू म्हणाल्या. लसूण सोलणं चालूच होतं. "माझ्या माहेरच्या गल्लीतली. परीक्षेला आठ दिवस राहिले होते तिच्या."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं नाही.

"तर कारभारी," तात्या घाईने म्हणाले. "दार बंद करून माघारी आला, तर दांड्याशी ट्रॅक्टर उभा. तेच लोक. ड्रायव्हर म्हणला, उघड. ह्यानं किल्ली काढली. उघडलंच असतं लगेच... तेवढ्यात त्याला पाटावर लांब दिवा दिसला. सायकलीचा. डायनॅमोचा आवाज येत होता, घर्रर्र... असा. ह्याला वाटलं, कोण तरी गडी घरी चाललाय. जाऊ द्या त्याला, मग उघडू.

"दिवा जवळ आला. सावकाश. दहा पावलांवर आला आन आवाज थांबला.

"आता बघ. डायनॅमोचा दिवा चाक फिरतंय तोवर जळतो. चाक थांबलं की विझला.

"हा विझला नाय."

कंदिलाची वात फडफडली. कोणी ती वर केली नाही.

"कारभारीनं हाक मारली. कोण हाय?... काय नाय. ड्रायव्हर मागून ओरडला, कोणाशी बोलतो रे? त्याला दिवा दिसतच नव्हता. कारभारीनं कुलूप काढलं. दांडा उचलायला गेला...

"दिवा हातभर पुढं आला.

"दांडा उचलेना. रोजचा दांडा. एका हातानं उचलायचा तो. दोन हात लावले. नाय. छाती लावली. नाय... पलीकडून कोणी दाबून धरला होता. दिसत कोण नव्हतं. नुसता दिवा.

"मग त्यानं हात सोडले. कुलूप घातलं. खट्.

"दिवा विझला."

तात्यांनी ओट्याखाली पिंक टाकली.

"घरी आला. भाकरी गार. बायकोला एवढंच म्हणला, ती रागात हाय. सकाळी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, म्हणला, साहेब, मला कुठंबी टाका, पाटावर नको. दोन वरसांत खंगून गेला. म्हणून सांगतो, पोरींनी त्या रस्त्याला जाऊ नये."

"हे 'म्हणून' कुठून आलं, तात्या?"

"आँ?"

"ट्रॅक्टर वाळूवाल्यांचा. दांडा उघडला तुमच्या माणसाने. मेली ती. आणि रस्ता बंद कोणाला? सुवर्णाला. तुम्ही गोष्ट नीट सांगितलीत, शेवट कोणाचा चिकटवलात?"

"तेजल, मोठ्यांशी बोलायची रीत असती," काका म्हणाले.

"रीत पाळून ती मधोमध चालली होती, काका. नियम होता, गाडी येणार नाही. नियम कोणी मोडला?"

इतक्यात सुवर्णा बोलली. ती फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांनी मान वळवली.

"तात्या, आता किल्ली कोणाकडे असते?"

तात्यांची नजर खांबाला टेकलेल्या काकांकडे गेली.

दोन वर्षांपूर्वी गावात पाणी वापर संस्था झाली, आणि पाटाची देखभाल खात्याकडून तिच्याकडे आली. झुंबरकाका संस्थेचे अध्यक्ष. संस्थेच्या किल्ल्या आतल्या खुंटीवर असतात, हे मलाही माहीत होतं. मी कधी विचारच केला नव्हता.

"बाबा, तुम्ही उघडता?"

"चार माणसांत राहायचं असतं, पोरी. सगळ्यांना नाय म्हणून चालत नाय."

"कधी उघडता?"

"पहाटे. कधीमधी."

"कॉलेज साडेसातला असतं. मी सव्वासहालाच निघणार. मी पाटाने जाणार, तेव्हा दांडा उघडू नका. एवढंच."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मला मात्र काकांच्या हातातला पानाचा डबा उचलून ओट्याखाली फेकावासा वाटत होता. त्यांना भुताची भीती नव्हती. ट्रॅक्टर येतो हे त्यांना नीट ठाऊक होतं, कारण तो येऊ देणारे तेच होते. मुलीला थांबवणं त्यांना सोपं वाटलं. वाळूवाल्याला थांबवणं अवघड.

"बघू," काका म्हणाले आणि आत गेले.

पहाटे सव्वासहाला आम्ही दोघी निघालो. सुवर्णा पुढे, मी काकूंच्या जुन्या सायकलवर मागे. काकूंनीच कडी काढली. डबा देताना सुवर्णाला म्हणाल्या, "ते चारलाच गेलेत." खुंटीवर किल्ल्या नव्हत्या.

कडाक्याची थंडी होती. पाटावर धुकं होतं, आणि धुक्यात ट्रॅक्टर उभा होता. इंजिन बंद. ट्रॉलीतून वाळूचं पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसलेला. दांड्याच्या टोकाशी, खाली मुरमावर, झुंबरकाका बसले होते. कुलूप उघडं लटकत होतं. दांडा आडवाच होता.

"दोन तास झाले," ड्रायव्हर आमच्याकडे न बघता म्हणाला. "दोघांनी जोर लावला."

काकांचे तळवे सोलले होते.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते. मला राग आला, आणि तो फक्त त्यांचा नव्हता. जिवंत माणसांनी एक कुलूप सांभाळायचं, तेवढंही होत नाही. मग मेल्यावरसुद्धा थंडीत तिनेच तिथे उभं राहायचं.

सुवर्णाने सायकल स्टँडवर लावली. कुलूप दाबून बंद केलं आणि हात पुढे केला. काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने ती दप्तरात टाकली, फटीतून सायकल काढली आणि निघाली. मधोमध. ट्रॅक्टर कष्टाने वळला आणि डांबरीकडे गेला. काका त्याच्यामागून चालत गेले.

मी मागे राहिले, म्हणून मला ते दिसलं.

रात्रभराच्या दवाने दांडा पांढरा झाला होता. काकांनी आणि ड्रायव्हरने जोर लावला त्या टोकाला तो पुसलेला होता, ते ठीक. पण मधोमध, जिथे त्यांचे हात पोचलेच नव्हते, तिथे दोन पंजे होते. कोरडे ठाक. बोटं माझ्याकडे वळलेली, म्हणजे पलीकडून धरलेले. मी वाकून पलीकडे पाहिलं. काठाच्या गवतावर दव तसंच्या तसं होतं. सुवर्णाच्या चाकांच्या रेघेशिवाय मुरमावर काही नव्हतं.

मी माझा हात त्या पंजावर ठेवला. माझा मोठा भरला.

सगळा दांडा बर्फासारखा गार होता. तेवढी जागा उबदार होती.